आईचा नायटा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारी सकाळी विहारातून परत येत होतो. जिन्यात आमच्याच मजल्यावरची एक ताई नऊ-दहा वर्षांच्या मुलाला घेऊन उभी होती. म्हणाली, "काका, तुम्ही दवाखान्यात होता ना? जरा याची मान बघता का?" पोराच्या मानेला रुमाल गुंडाळलेला होता. रुमाल सोडला तर कानाखाली एक जखम. कडा निळसर आणि आतून पोकळ झालेल्या, मधून पातळ पू येत होता. चार महिन्यांपूर्वी तिथं गाठ आली होती. दुखत नव्हती, तापलेली नव्हती. कोपऱ्यावरच्या एका डॉक्टरनं गळू म्हणून ती कापली आणि पट्टी बांधली. तेव्हापासून जखम भरतच नव्हती. घरच्यांनी हळद लावली, मलम लावलं, दोन वेळा गोळ्यांचा कोर्सही झाला.

मी त्या पोराच्या मानेकडं बघितलं आणि मला माझ्या आईची मांडी आठवली.

मी डॉक्टर नाही. मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात मी १९८६ ते २०१९ अशी ३३ वर्षं नोकरी केली. सुरुवातीला बाटल्या धुतल्या, नमुने इकडून तिकडं पोचवले. मग रात्रीचा अभ्यासक्रम करून टेक्निशियन झालो. माणसाच्या शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा, त्याच्या पातळ चकत्या कापायच्या, त्या काचेवर घेऊन रंगवायच्या आणि डॉक्टरांच्या पुढ्यात ठेवायच्या, हे माझं काम. हजारो तुकडे माझ्या हाताखालून गेले. आणि माझ्याच घरात, माझ्याच आईच्या अंगावर एक रोग सात वर्षं वाढत होता. त्याला मी नायटा म्हणत होतो. ती चूक इतरांच्या हातून होऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

माझे वडील गिरणीत कामाला होते. त्यांना छातीचा क्षय झाला. इंजेक्शनं सुरू झाली, दोन-तीन महिन्यांत खोकला थांबला, अंग भरलं. बरं वाटलं म्हणून त्यांनी औषध सोडलं. रजा किती काढणार, आणि पगार कापला तर खाणार काय? पुढं रोग उलटला. गिरण्यांचा संप झाला त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे १९८१ साली, ते गेले. आई चार घरची धुणीभांडी करून आम्हा तिघा भावंडांना वाढवत होती.

१९८७ च्या सुमारास तिच्या डाव्या मांडीवर, गुडघ्याच्या वर, मसुरीच्या डाळीएवढा तांबूस पुटकुळीसारखा उंचवटा आला. शेजारी दुसरा आला. दोन्ही मिळून एक चट्टा झाला. मी विचारलं तर म्हणाली, "आरं, नायटाच हाय. पान्यात काम करतीया मी, हुयाचंच." मलाही ते पटलं. नाक्यावरच्या औषधाच्या दुकानातून मी नायट्याचं मलम आणलं. लावलं की आठ-दहा दिवस लाली कमी व्हायची, आम्हाला वाटायचं उतार पडला. मग पुन्हा पहिल्यासारखं. त्या मलमात लाली दाबणारं स्टिरॉइड मिसळलेलं असायचं, हे मला फार उशिरा कळलं. त्यानं रोग जात नाही, फक्त त्याचा चेहरा बदलतो. मग डॉक्टरलाही ओळखणं कठीण जातं.

गावाकडची एक आत्या म्हणाली, देवीचं काहीतरी असेल, अंगारा लाव. आई तिच्यावर उखडली. "छप्पन सालापास्नं आमच्या घरात अंगारा आला न्हाई," म्हणाली. खरंच होतं. अंगारा आला नाही. पण मलमाची ट्यूब मात्र आम्ही अंगाऱ्यासारखीच लावत बसलो. कुणी तपासलं नाही, कुणी विचारलं नाही. न तपासता लावलेलं औषध आणि अंगारा यांत फरक तो कितीसा?

चट्टा वाढत गेला. पण तो विचित्र वाढत होता. एका बाजूनं कड पुढं सरकायची, तांबूस तपकिरी, जराशी उंच, वर खवले. मागची बाजू मात्र सुकल्यासारखी होऊन पातळ, चकचकीत, पांढुरक्या व्रणाची व्हायची. आम्ही म्हणायचो, बघा, मधून बरा होत आलाय. नायट्याचीही कड पुढं जाते आणि मध्य निवळतो, म्हणून फसगत होते. पण नायटा निवळला तर मागं असा आकसलेला व्रण ठेवत नाही. शिवाय नायटा खाजवतो. आईचा चट्टा कधी खाजला नाही आणि कधी दुखला नाही. न दुखणाऱ्या गोष्टीकडं कष्टकऱ्याचं लक्ष जात नाही. आपल्याकडं दुखणं म्हणजे जे कामाला जाऊ देत नाही ते.

१९९३ च्या अखेरीस चट्टा तळहाताएवढा झाला होता. आई एका घरी लादी पुसत होती. लुगडं वर खोचलेलं. मालकीणबाईंची नजर गेली. "बाई, हा महारोग तर नाही ना?" असं म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवसापासून येऊ नका सांगितलं. त्याच जिन्यात आईची आणखी दोन घरं होती, तीही गेली. चाळीत कुजबुज सुरू झाली. नळावर बायका तिच्या हंड्यापासून आपला हंडा लांब ठेवू लागल्या.

आपल्या माणसांना शिवाशिव म्हणजे काय ते समजावून सांगायला नको. पण त्या दिवसांत मी जे पाहिलं ते वेगळं होतं. आईनं स्वतःच स्वतःला शिवाशिव लावून घेतली. तिनं आपली एक ताटली आणि एक पेला बाजूला काढला. तो ती स्वतः घासायची, फळीच्या खालच्या कप्प्यात वेगळा ठेवायची. माझी मुलगी तेव्हा दोन वर्षांची. तिला ती मांडीवर घेईना. रात्री बाहेर पॅसेजमध्ये गोणपाट टाकून झोपायची. मी काही बोललो तर म्हणायची, "लेका, तुझं ल्हान लेकरू हाय. मला राहू दे हितंच."

एका रात्री माझी पत्नी मला म्हणाली, "अहो, तुम्ही रोज लोकांचे तुकडे कापता. घरातल्या माणसाचा कधी कापणार?" त्या वाक्यानं मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकली. आई येईना. मांडी परक्या डॉक्टरला कशी दाखवायची, ही लाज. तेव्हा माझी पत्नी पुढं झाली. "आत्याबाई, मी हाय ना संगं. बाई डॉक्टरकडंच जाऊ." असं म्हणून ती तिला घेऊन निघाली.

त्वचारोगाच्या ओपीडीत एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आधी कापसाचा बोळा चट्ट्यावरून हलकेच फिरवला आणि आईला डोळे मिटून सांगायला लावलं, लागतंय का? आईला सगळीकडं कळत होतं. कुष्ठरोगाच्या चट्ट्यात बहुधा संवेदना कमी झालेली असते, कारण तो रोग त्वचेबरोबर मज्जातंतूंना धरतो. मग त्यांनी खवले खरवडून नायट्याच्या बुरशीसाठी तपासायला पाठवले. बुरशी सापडली नाही. मग कडेवर काचेची पट्टी दाबून धरली. त्वचेवर काच दाबली की रक्त बाजूला सरतं, लाली जाते आणि आतल्या गाठी असतील तर पिवळट तपकिरी ठिपक्यांसारख्या दिसतात. गोऱ्या कातडीवर हे चांगलं दिसतं, आपल्या सावळ्या कातडीवर ओळखायला अवघड. त्या मान हलवून म्हणाल्या, "नक्की सांगता येत नाही. तुकडा काढावा लागेल." आणि मग त्यांनी विचारलं, "घरात कुणाला टीबी झाला होता का?"

आई माझ्या पत्नीकडं बघत राहिली. सात वर्षांत हा प्रश्न आम्हाला कुणी विचारला नव्हता. आम्हीही स्वतःला विचारला नव्हता.

बंधू-भगिनींनो, क्षय म्हटला की आपल्याला खोकला, थुंकीतून रक्त आणि खंगलेली छाती दिसते. पण क्षयाचे जंतू रक्तातून किंवा लसिकेतून अंगात कुठंही जाऊ शकतात. मणका, सांधा, मेंदूचं आवरण, गर्भाशय, आणि त्वचा. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये हा जंतू दाखवला. तोपर्यंत हे सगळे वेगवेगळे रोग समजले जात. त्वचेचा क्षय तसा कमी आढळतो. फुप्फुसाबाहेरचे क्षयाचे जे रुग्ण असतात, त्यांत शंभरात साधारण एक-दोन. पण आपल्या देशात क्षयच इतका, की ते एक-दोनही खूप माणसं होतात.

त्याचे मुख्य प्रकार मी नोकरीत पाहिले ते सांगतो.

पहिला आईला झालेला. त्याला लूपस व्हल्गॅरिस म्हणतात. लूपस म्हणजे लॅटिन भाषेत लांडगा. युरोपात हा रोग बहुधा चेहऱ्यावर व्हायचा आणि नाक, ओठ, कान कुरतडून टाकायचा, म्हणून हे नाव. आपल्याकडं तो कंबरेखाली, मांडीवर, पायावरही बराच आढळतो. तो सावकाश, वर्षानुवर्षं वाढतो. जुन्या व्रणात पुन्हा नव्या गाठी उगवतात. फार वर्षं तसाच राहिला तर त्या जागी कधी कधी कर्करोगही होतो. सांधे आणि मूत्रपिंडावर हल्ला करणारा दुसरा एक आजार आहे, त्यालाही लोक नुसतं लूपस म्हणतात. तो वेगळा. त्याचा क्षयाशी संबंध नाही.

दुसरा प्रकार जिन्यातल्या त्या पोराचा. आपल्याकडं गंडमाळ म्हणतात ती. क्षय मुळात आतल्या गाठीत, हाडात किंवा सांध्यात असतो. ती गाठ मऊ होते, वरची त्वचा निळसर पडते आणि फुटते. साधं गळू लाल, गरम, ठणकणारं असतं. हे थंड गळू. फुटल्यावर नाळ तयार होते, पू येत राहतो, आणि भरली तरी आकसलेला, सुरकुतलेला व्रण उरतो. लहान मुलांत हा प्रकार जास्त दिसतो.

तिसरा प्रकार चामखिळीसारखा. जंतू बाहेरून, खरचटलेल्या जागेतून शिरतो. हाताची बोटं, पाय, गुडघे या जागा. शवविच्छेदनाच्या खोलीत काम करणारा माझा एक मित्र बोटावरच्या अशाच खरखरीत चामखिळीवर वर्षभर चुना लावत होता. स्टेथोस्कोपचा शोध लावणारे फ्रान्सचे डॉक्टर लॅनेक यांनाही क्षयाच्या मृतदेहावर काम करताना बोटाला अशीच गाठ आली होती. पुढं १८२६ साली ते क्षयानंच गेले. आपली मुलं अनवाणी खेळतात, उघडी जमिनीवर बसतात आणि त्याच जमिनीवर माणसं थुंकतात. रस्त्यावर थुंकणं ही नुसती घाण नव्हे, हे एवढ्यावरून कळावं.

आईच्या चट्ट्याची कड बधिर करून दोन छोटे तुकडे काढले. एक फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकला, दुसरा सलाइनच्या. हा तपशील लक्षात ठेवण्यासारखा आहे. फॉर्मॅलिनमध्ये पेशी टिकतात पण जंतू मरतात, म्हणून तो तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासाठी. सलाइनमधला तुकडा जंतू वाढवून बघण्यासाठी. दोन्ही फॉर्मॅलिनमध्ये टाकले तर अर्धी तपासणी तिथंच संपते.

फॉर्मॅलिनची बाटली माझ्याच टेबलावर आली. वर आईचं नाव आणि केसपेपरचा नंबर. इतकी वर्षं मी नंबर बघत होतो, त्या दिवशी पहिल्यांदा नाव वाचलं. तुकडा तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढा. तो चढत्या ताकदीच्या अल्कोहोलमधून नेला, झायलीनमधून नेला, वितळलेल्या मेणात मुरवला. मेणाचा ठोकळा यंत्रावर लावून चकत्या काढल्या. जाडी चार-पाच मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहूनही पातळ. कोमट पाण्यावर ती पट्टी तरंगली, मी ती काचेवर उचलली. हात थरथरत होता. निळा रंग दिला, गुलाबी रंग दिला.

आमच्या विभागातल्या थोर मनाच्या डॉक्टर मॅडमनी मला दोन जणांच्या सूक्ष्मदर्शकावर शेजारी बसवलं आणि म्हणाल्या, "बघा, तुमच्या आईचं शरीर कसं लढतंय ते."

वरच्या कातडीच्या खाली गोल गोल पुंजके होते. पुंजक्याच्या मधे फिकट, लांबट पेशी, त्यांची केंद्रकं चपलेच्या तळव्याच्या आकाराची. त्यांच्यात मोठमोठ्या राक्षसी पेशी. अशा एकेका पेशीत कितीतरी केंद्रकं, आणि ती कडेनं घोड्याच्या नालासारखी मांडलेली. त्यांना लँगहान्स पेशी म्हणतात. आणि या सगळ्याभोवती मोहरीच्या दाण्यांसारख्या गडद, बारीक पेशींचं कडं. मॅडम म्हणाल्या, "जंतू मारता येत नाही म्हणून शरीर त्याला असं कोंडून ठेवतं. याला ग्रॅन्युलोमा म्हणायचं. पुंजक्याच्या मधोमध कधी कधी सगळं मरून चक्क्यासारखं होतं. गंडमाळेत ते भरपूर दिसतं. या प्रकारात थोडं, किंवा नसतंच."

मग मी क्षयाच्या जंतूसाठी वेगळी काच रंगवली. लाल रंग टाकून खालून उष्णता द्यायची, मग आम्लानं धुवायचं, मग निळा रंग. बाकी सगळ्यांचा लाल रंग निघून जातो, क्षयाच्या जंतूचा निघत नाही. निळ्या शेतात लाल काडी दिसली की समजायचं. मी तीन तास शोधलं. एकही काडी सापडली नाही. मला आनंद झाला. मॅडमनी तो तिथंच थांबवला. म्हणाल्या, "या प्रकारात जंतू फार थोडे असतात, कारण शरीराची ताकद चांगली आहे. सापडले नाहीत म्हणजे नाहीत असं नव्हे." दुसरा तुकडा सहा आठवडे उबवला, त्यातही काही वाढलं नाही. आजकाल दोन तासांत जंतूचा अंश शोधणारी यंत्रं आली आहेत, पण त्वचेच्या या प्रकारात तीही पुष्कळदा हात टेकतात.

मग ठरवायचं कशावरून? ग्रॅन्युलोमा तर कुष्ठरोगातही असतो, काही बुरशीच्या रोगांतही असतो. उत्तर असं की सगळं एकत्र मांडून. कुष्ठरोगात पुंजके मज्जातंतूंच्या आसपास आणि त्यांच्या आत दिसतात, आईच्या तुकड्यात नसा धडधाकट होत्या. स्पर्श शाबूत होता. बुरशीचा रंग दिला, बुरशी नव्हती. हातावर टोचलेली क्षयाची चाचणी जोरात आली. छातीच्या एक्स-रेत एक जुना डाग होता, थुंकीत मात्र जंतू नव्हते. आणि घरात क्षयाचा इतिहास. नुसती काच बघून निदान होत नाही आणि नुसतं कातडं बघूनही होत नाही. दोन्हीकडच्या डॉक्टरांनी एकमेकांशी बोलावं लागतं.

मी आईला सांगायला गेलो. म्हणालो, "आई, महारोग नाही. बाबांना होता तो टीबी आहे, कातडीचा. बरा होतो." ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आणि महारोग असता तर रं?" मी काय बोलणार? कुष्ठरोगही गोळ्यांनी बरा होतो, हे मी रोज रुग्णालयाच्या भिंतीवर वाचत होतो. तरी त्या चार दिवसांत 'महारोग नसू दे' एवढंच माझ्या मनात होतं. त्या प्रश्नाची मला आजही लाज वाटते.

१९९४ च्या मार्चमध्ये औषध सुरू झालं. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने कमी औषधं, एकूण सहा महिने. फुप्फुसाच्या साध्या क्षयाला जे औषध तेच त्वचेच्या क्षयाला. वेगळं मलम नाही. दुसऱ्याच दिवशी आई घाबरून ओरडली, "लघवीतनं रगत पडतंया!" रिफाम्पिसिननं लघवी केशरी होते, हे मला ठाऊक होतं आणि तिला सांगायचं मी विसरलो होतो. मळमळ व्हायची. सूनबाई पहाटे उठून गोळ्या द्यायची आणि तास-दीड तासानं भाकरी. पाचव्या-सहाव्या आठवड्यात कड बसायला लागली. उंचवटा खाली आला, तांबूसपणा फिका पडला. मॅडम म्हणाल्या, "आता निदानावर शिक्का बसला."

तिसऱ्या महिन्यात आई म्हणाली, "झालं की बरं. कशाला रोज इख खायाचं?" बाबांचंच वाक्य. तेव्हा मी काही बोललो नाही, फक्त भिंतीवरच्या त्यांच्या फोटोकडं बघितलं. तिनंही बघितलं. पुढं तिनं एकही दिवस चुकवला नाही.

या रोगाच्या इतिहासात डेन्मार्कचे डॉक्टर नील्स फिन्सेन यांचं नाव मोठं आहे. औषध नव्हतं त्या काळात, १८९५ पासून, त्यांनी दिव्याच्या तीव्र प्रकाशानं चेहऱ्यावरचा हा क्षय बरा करायला सुरुवात केली. रोज थोड्याशा जागेवर बराच वेळ उजेड टाकायचा, महिनोन्महिने. त्यासाठी त्यांना १९०३ चं नोबेल पारितोषिक मिळालं. ते स्वतः आजारी असत, १९०४ मध्ये ४३ व्या वर्षी गेले. ज्यांना लोक तोंड झाकून बसायला लावत, त्यांच्यासाठी एका आजारी माणसानं आपलं आयुष्य लावलं. आज आपल्याला दिव्याखाली बसावं लागत नाही. सहा महिने गोळ्या घ्याव्या लागतात, एवढंच.

सप्टेंबरमध्ये औषध संपलं. मांडीवर पातळ पांढरट व्रण राहिला, तो शेवटपर्यंत राहिला. रोग गेला तरी खूण जात नाही, म्हणून लवकर दाखवावं. कामाची जुनी घरं परत मिळाली नाहीत. आईनं दुसरी शोधली. औषध संपलं त्या संध्याकाळी माझ्या पत्नीनं खालच्या कप्प्यातली ती वेगळी ताटली आणि पेला काढला, सगळ्या भांड्यांबरोबर घासला आणि मांडणीत लावून टाकला. कुणाच्या वाट्याला ती ताटली येईल ते कुणाला कळणार नव्हतं. आईनं नातीला मांडीवर घेतलं, त्याच मांडीवर. नंतर ती सतरा वर्षं जगली.

आता थोडं कामाचं. अंगावरचा चट्टा किंवा जखम दीड-दोन महिन्यांत भरली नाही, सावकाश वाढतच राहिली, दुखत-खाजत नसली तरी, तर दुकानातलं मलम थांबवा आणि मोठ्या रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात दाखवा. मानेत, काखेत, जांघेत न दुखणारी गाठ असेल तर ती कुणाकडूनही कापून घेऊ नका, आधी तपासून घ्या. घरात पूर्वी कुणाला क्षय झाला असेल तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट बघू नका, आपण होऊन सांगा. तुकडा काढायला घाबरू नका, त्यानं रोग पसरत नाही. त्वचेचा क्षय हात लावल्यानं किंवा एका ताटात जेवल्यानं सहसा पसरत नाही. पण त्याच माणसाला छातीचाही क्षय असू शकतो, म्हणून एक्स-रे आणि थुंकी तपासली पाहिजे, घरातल्यांचीही. औषध चालू असताना डोळे पिवळे झाले, नजर अंधुक झाली, हातापायाला मुंग्या आल्या तर लगेच डॉक्टरांना सांगा, स्वतःच्या मनानं औषध बंद करू नका. सरकारी केंद्रात ही औषधं फुकट मिळतात. उपचार चालू असताना पोषणासाठी दरमहा पैसेही बँकेत जमा होतात. २०१८ पासून ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० रुपये झाले आहेत. तो आपला हक्क आहे, मागून घ्या.

जिन्यातल्या त्या ताईला घेऊन मी दुसऱ्याच दिवशी रुग्णालयात गेलो. पोराच्या गाठीतला पू तपासला, त्यात क्षयाचा जंतू निघाला. ताई रडायला लागली. म्हणाली, "काका, शाळेत कळलं तर? चाळीत कळलं तर?" मी तिला आईची गोष्ट सांगितली. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. त्यात पोराच्या आजोबांच्या छातीत क्षय सापडला. ते वर्षभर खोकत होते आणि विडीचा खोकला म्हणत होते. दोघांचंही औषध सुरू झालं.

पोराची नाळ आता बंद झाली आहे. मानेवर सुरकुतलेला डाग आहे, पण रुमाल त्यानं सोडला. परवा जिन्यात भेटला, मान वर करून मला दाखवली आणि म्हणाला, "आजोबा, अजून दोन महिने गोळ्या."

मी म्हणालो, "मोजून घे. एकही चुकवू नकोस."